हात, पाय आणि एकच संधी

 गोंदिया जिल्ह्याच्या उत्तरेला, बिरसीला, ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धावपट्टी बांधली. वैमानिक पारखण्याच्या यंत्रांनाही जोर आला तो याच युद्धात.

अमेरिकेने 1943 मध्ये एक धाडसी प्रयोग केला. हजारावर उमेदवारांना वैमानिक निवड चाचणीचे गुण न बघता थेट उड्डाण प्रशिक्षणाला पाठवले. सर्वांत कमी गुणांच्या गटातून जवळजवळ कोणीच वैमानिक झाला नाही. चाचणीची उपयुक्तता यापेक्षा ठळकपणे क्वचितच दिसली असेल.

ब्रिटिश परंपरेतली यंत्रे भारतीय हवाई दलाने ‘पीएबीटी’ (वैमानिक कल चाचणी संच) या नावाने अनेक दशके वापरली. उमेदवार दांडी हातात आणि पेडल पायाखाली घेऊन पडद्यावरचा प्रकाशाचा ठिपका मध्यभागी धरून ठेवायचा. मध्येच दिवा लागे, भोंगा वाजे. ते बंद करायला हात वळला की ठिपका हमखास पळायचा! दुसऱ्या यंत्रात फिरत्या ढोलावरचे ठिपके गाठायचे. शिवाय विमानातल्या तबकड्या वाचण्याची लेखी चाचणी असे. डेहराडून, म्हैसूर, वाराणसीच्या निवड मंडळांत हा खेळ चाले. मग गेल्या दशकात संगणकावरची वैमानिक निवड प्रणाली, ‘सीपीएसएस’, आली. यंत्र बदलले, हेतू तोच राहिला.

तरी या गुणांना भविष्यवाणी मानू नये. 1994 मध्ये हंटर आणि बर्क यांनी 68 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हातापायांच्या समन्वयाचा प्रशिक्षणातील यशाशी संबंध मध्यमच निघाला, सहसंबंध सुमारे 0.3.

नागरी उड्डाणाचा रस्ता वेगळा. व्यावसायिक परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि 200 तासांचे उड्डाण लागते. सरकारी कल चाचणीची सक्ती नाही. बिरसीला विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई यांनी मिळून उभारलेली प्रशिक्षण संस्था आहे. तिथे खरी चाळणी लागते ती पालकांच्या खिशाला.

हवाई दलात मात्र नियम कडक आहे: पीएबीटी किंवा सीपीएसएसमध्ये एकदा नापास झालेल्याला वैमानिक शाखेसाठी ही चाचणी पुन्हा देता येत नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) अर्जात हवाई दलाचा पर्याय भरणाऱ्या बारावीच्या मुलामुलींना हे शाळेतच, अर्ज भरण्याआधी सांगितले जायला हवे.