धाटाची गाडी, मातीचा बैल

हिंगोलीच्या काळ्या रानात ज्वारी निघाली की वाळलेली धाटं घरी येतात. साल सोलायची, आतला भेंड तोडायचा आणि सालीच्याच काड्या खोचून गाडी जोडायची. पोळ्याला मातीचे बैल. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा खेळ आजही मोलाचा आहे, कारण त्याला ठरलेलं उत्तर नाही. आज गाडी झालेलं धाट उद्या औत होतं. बॅटरीवरची मोटार मात्र मोटारच राहते.

हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या सुट्या वस्तू कल्पकतेला वाव देतात, असं सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये मांडलं. ताराबाई मोडक यांनी त्याआधीच, १९४५ पासून, बोर्डीच्या बालवाडीत शंखशिंपले आणि बिया साधनं म्हणून वापरल्या होत्या.

मोठ्यांनी शेजारी बसावं. बैलाचं शिंग वाकडं झालं तरी सरळ करू नये. ‘हा कुठं निघाला?’ एवढं विचारलं तरी मूल बोलू लागतं.

तीन वर्षांखालच्या मुलांना चिंचोके, खडे देऊ नयेत, ते घशात अडकतात. त्यांना वाट्या, चाळणी, ओली कणीक द्यावी. थोडं मोठं मूल असेल तर वसमतची हळद आहेच: तिच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की पिवळा रंग तांबूस होतो.