घडीच्या घरातले पाहुणे

मुलीकडे मिशिगनला गेलो, की जूनमध्ये चार दिवस तरी तंबूगाडीत राहावं लागतं. ‘लागतं’ म्हणतो खरा, पण मनातून मला ते आवडतं. ही गाडी म्हणजे मोटारीमागे जोडायची, कमरेएवढ्या उंचीची चपटी पेटी. मुक्कामाला पोचून हँडल फिरवलं, की छप्पर वर उठतं, दोन्ही टोकांनी पलंग खणासारखे बाहेर ओढायचे आणि त्यांच्याभोवती कापडी भिंती ताणायच्या. आत छोटा ओटा, शेगडी आणि पाच-सहा जणांची निजायची सोय.

आता ज्याची घडी होते त्याला सांधे आले, आणि सांधे आले की फटी आल्या. सरोवराकाठचे डास आपल्या डासांपेक्षा कमी चिवट नाहीत. पलंगाच्या फळीखाली कापड खोचतात ते कोपरे, दाराची चौकट आणि वेल्क्रोच्या पट्ट्या, या त्यांच्या हमखास वाटा. फट शोधायची युक्ती सोपी आहे. अंधार पडला की आत दिवा लावायचा आणि बाहेरून एक प्रदक्षिणा घालायची. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून डास येणार. वेल्क्रोत धागे-केस अडकले की ती धरत नाही. जुन्या दातांच्या ब्रशाने ती साफ केली, तरी निम्मं काम होतं.

चिलटांचं मात्र वेगळं. खिडकीच्या नेहमीच्या जाळीत एका इंचात एका बाजूने १८ आणि दुसऱ्या बाजूने १६ धागे असतात. डास त्यात अडतो, पण एक-दोन मिलिमीटरचं चावरं चिलट आरामात आत येतं. त्याला अधिक बारीक विणीची जाळी लागते, आणि ती लावली की वारा कमी होतो. उकाडा की चिलटं, एवढंच आपण निवडायचं.

मुंग्या उडत नाहीत, म्हणून त्यांचे रस्ते मोजता येतात : चाकं, चार कोपऱ्यांचे टेकू, पुढचा दांडा आणि विजेची वायर. माझी आई दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची. इथे वाट्या ठेवता येत नाहीत. टेकूंना आणि वायरीला बोटभर रुंदीचा व्हॅसलिनचा पट्टा ओढला, की तेच काम होतं. आणि जळाऊ लाकूड घरून न्यायचं नाही, तिथेच विकत घ्यायचं. अ‍ॅश झाडं पोखरणारा हिरवा भुंगा २००२ साली डेट्रॉइटजवळ सापडला आणि पुढे लाकडांच्या मोळ्यांबरोबर दूरदूर पसरला.

एवढं सगळं मला ठाऊक होतं, आणि त्याचाच मला थोडा ताठा होता. एका पावसाळी संध्याकाळी मी प्रत्येक फटीत फोमची पट्टी बसवली, छताचं झरोकंही लावून घेतलं. एक डास आत नव्हता. मुलीने चहाचं आधण ठेवलं. ज्योत निळी नव्हती, पिवळी होती. पातेलं काळं होतंय हे मी पाहिलं आणि ‘सिलिंडर संपत आला असेल’ असं म्हणून सोडून दिलं. पंधरा-वीस मिनिटांत भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा गजर किंचाळू लागला. जावयांनी शेगडी बंद केली, नातीला उचललं आणि आम्ही सगळे पावसात बाहेर उभे राहिलो. या वायूला वास नसतो. गजर नसता तर आम्ही डोकं दुखतंय म्हणून आडवे झालो असतो.

सकाळी मेकॅनिकने शेगडी उघडली. बर्नरच्या नळीत कोळ्याचं पांढरं जाळं होतं. याच नळीत गॅस हवेत मिसळतो. वाट अडली, हवा कमी पडली, की ज्योत पिवळी होते आणि गॅस अर्धवट जळतो. वर मी झरोकंही बुजवलेलं! कोळ्यांना नळ्यांचं वेड असतं. इंधनटाकीच्या हवानळीत त्यांनी जाळी विणली म्हणून २०११ साली माझदा कंपनीला उत्तर अमेरिकेत सुमारे ६५ हजार मोटारी परत बोलवाव्या लागल्या होत्या.

मग मेकॅनिकने बाहेरून हीटरचं धुराडं तपासलं. त्यात अंगठ्याएवढा मातीचा गोळा! कुंभारीण माशीचं घरटं. नातीने ते काडीने फोडलं, तर आत लुळे पडलेले कोळीच कोळी. पिल्लांसाठी भरून ठेवलेली शिदोरी. तिने अकरा मोजले.

आता वसंतात गाडी गॅरेजबाहेर निघाली, की आधी बर्नरची नळी आणि धुराडं साफ होतं, गजराचं बटण दाबून पाहिलं जातं, मग डासांची पाळी. धुराड्यासाठी तयार जाळ्या मिळतात, पण हीटरचं माहितीपत्रक वाचूनच त्या घ्याव्यात. काही कंपन्या जाळी बसवू नका असं स्पष्ट लिहितात. आणि चहा उकळत असताना झरोकं उघडं असतं. त्यातून दोन डास येतात. ते मी टाळी वाजवून मारतो.