वाळवीला कामाला लावणारे गाव

आपली ज्वारी आणि बाजरी ही दोन्ही पिके मूळची आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. त्याच पिकांवर जगणाऱ्या तिकडच्या एका गावाची ही हकिकत.

पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासो देशाच्या उत्तरेस वाहिगुया शहर आहे. त्याच्या जवळचे गुर्गा हे गाव. पाऊस जून ते सप्टेंबर, तोही बेभरवशाचा. १९७० नंतरच्या दुष्काळांत इथली जमीन दगडासारखी टणक झाली. पडलेले पाणी मुरेना, वाहून जाई. अनेक कुटुंबांनी गाव सोडले.

याकुबा सावादोगो मात्र बाजारातला धंदा सोडून शेताकडे परतले. १९८० च्या सुमारास त्यांनी 'झाई' ही वाडवडिलांची पद्धत सुधारून वापरली. पाऊस येण्याआधीच, कोरड्या दिवसांत, वीत-दीड वीत रुंद आणि अर्धी वीत खोल खड्डे ओळीने घ्यायचे. निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूस लावायची. प्रत्येक खड्ड्यात ओंजळ-दोन ओंजळ शेणखत घालायचे. खताच्या ओढीने वाळवी येते, जमिनीत बारीक भुयारे करते आणि त्यांतून पाणी खोल मुरते. पाऊस पडला की त्याच खड्ड्यात ज्वारी-बाजरी पेरायची. जोडीला उताराला आडव्या, समपातळीत दगडांच्या ओळी.

लोकांनी त्यांना वेडे ठरवले. कोणी त्यांची झाडे पेटवून दिली. त्यांनी पुन्हा लावली. खड्ड्यांत धान्याबरोबर झाडांचे बीही टाकले. ओसाड माळावर सुमारे शंभर एकरांचे रान उभे राहिले, साठाहून अधिक जातींच्या झाडांचे. पुढे त्यांच्या शेतावर शेतकऱ्यांचे मेळावे भरू लागले. तिथे बियाणे आणि अनुभव यांची देवाणघेवाण होई. २०१८ मध्ये त्यांना 'राइट लाइव्हलिहूड' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. डिसेंबर २०२३ मध्ये ते वारले.

आपण यातून काय घ्यावे? भारी काळ्या जमिनीत असे खड्डे करू नका, पाणी साचून पीक पिवळे पडेल. ऊस-गव्हात वाळवी नुकसान करते, हेही विसरू नका. खोदाईची मेहनत मोठी आहे आणि खत पुरेसे हवे. पण हलका, टणक, वर्षानुवर्षे पडीक असलेला माळ तुमच्याकडे असेल, तर यंदा उन्हाळ्यात एका गुंठ्यावर करून पाहा. शेजारचा गुंठा तसाच ठेवा. पावसाळ्याअखेर दोन्हींतला फरक घरच्या माणसांसह बघा. साधला, तर पुढच्या वर्षी चार गुंठे करा.