झाकण उघडून दाखवा

सांगलीत जुना अ‍ॅम्प्लिफायर बघायला गेलात तर तो किती वॅटचा हे नंतर विचारा. आधी विचारा, २०१९ च्या ऑगस्टात हा कुठे होता?

मी विचारलं नव्हतं. साताऱ्याहून सव्वाशे किलोमीटर गाडी हाकत गेलो होतो. समोर चंदेरी तोंडाचा जपानी सेट, चकचकीत पुसलेला, गाणंही बरं लागलेलं. पैसे मोजायच्या आधी उगाच म्हटलं, जरा झाकण उघडून दाखवा. चार स्क्रू, त्यातला एक गंजून बसलेला. आत ट्रान्सफॉर्मरच्या बुडाशी बिस्किटाच्या रंगाची बारीक रेघ होती. वाळलेला गाळ. मालक माझ्याहून जास्त चकित झाले. त्यांनी तो वर्षापूर्वीच कुणाकडून तरी घेतला होता. चहा घेऊन परत आलो.

आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा घरांत शिरलं. शोकेसच्या खालच्या कप्प्यातले किती सेट बुडाले आणि वाळवून पुन्हा बाजारात आले, कोण मोजणार? असा सेट आज वाजतो. पण ओलावा वेटोळ्यांत मुरलेला असतो, रिलेचे पॉइंट काळे पडत जातात, सोल्डरवर हिरवट बुरा धरतो. सहा महिन्यांनी एक बाजू मुकी होते, तोवर विकणाऱ्याने फोन बदललेला असतो.

झाकण उघडलंच आहे तर मोठ्या कपॅसिटरची डोकी बघा. सपाट असली तर ठीक, फुगली असली तर बदलायचा खर्च धरून भाव करा. दोन्ही बाजूंचे आउटपुट ट्रान्झिस्टर एकाच कंपनीचे आहेत ना, तेही बघा. एक जोडी नवी कोरी आणि दुसरी मळकी दिसली, की एकदा उडून झालंय असं समजा. मग मागची पट्टी वाचा. खास जपानच्या बाजारासाठी बनलेला सेट १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० ला थेट लावला तर पुढचं बघायची गरजच उरणार नाही. शिवाय आमच्या उसाच्या पट्ट्यात रात्री विहिरींवरच्या मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज वर सरकतं, ते वेगळंच.

जुने मिस्त्री पहिल्यांदा सेट चालू करताना सिरीज बल्ब लावतात. शंभर वॅटचा तारेचा बल्ब, एलईडी नव्हे. बल्ब भपकन पेटून मंद झाला तर ठीक. तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट. त्यानंतर सेट थेट लाइनवर घ्यायचा, स्पीकर न जोडता दहा मिनिटं तापू द्यायचा आणि मल्टिमीटरने स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजायचं. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त. शंभरच्या वर गेलं तर आधी दुरुस्ती, मग सौदा. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की आतला सगळा डीसी वूफरच्या कॉइलमध्ये जातो, आणि मग स्वस्तातला अ‍ॅम्प महागातले स्पीकर घेऊन जातो.

वॅटचं म्हणाल तर घरी वीस-तीस पुरतात. साधा स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८७-८८ डेसिबल देतो, आणि वॅट दुप्पट केले तरी वाढ फक्त तीन डेसिबलची. १९७८ मधला नॅड ३०२० वीसच वॅटचा होता, तरी अजून लोक तो शोधत फिरतात. स्टिकरवर पीएमपीओचा हजाराचा आकडा दिसला तर हसून पुढे जावं. मिरवणुकीत झिजलेले, पंखेवाले अ‍ॅम्प स्वस्तात मिळतात. तेही नकोत, गाणं थांबलं की खोलीत पंखाच ऐकू येतो. आपल्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. खरं तर रे डॉल्बींचं नाव झालं ते टेपवरची खरखर घालवल्यामुळे!

अ‍ॅम्प पारखताना मी कान लावतो तो तानपुऱ्याला. सांगलीहून जेमतेम दहा किलोमीटरवर मिरज, जिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे कारागीर घोडी कानसाने घासतो, तारेखाली सूत सरकवतो, ऐकतो, परत घासतो. घोडीच्या त्या घडणीतून, म्हणजे जवारीतून, एका तारेत जी सुरांची झालर उलगडते, ती हलक्या आवाजात नीट ऐकू आली तर अ‍ॅम्प घ्यावा. सपाट गुणगुण झाली तर राहू द्यावा. त्यासाठी रेकॉर्डिंग मात्र स्वच्छ हवं. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या जीव ओवाळावा अशा, पण या कामाला निरुपयोगी. खरखर तबकडीची की यंत्राची, कळत नाही.

शेवटी मला साताऱ्यातच, शनिवार पेठेत, एक देशी सेट मिळाला. आत तीस वर्षांची धूळ होती, पण कोरडी. ब्रशने झाडली, दोन कपॅसिटर बदलून घेतले, व्हॉल्यूमच्या नॉबमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. नॉब नवावरून दहावर नेताना डावा स्पीकर अजून एकदा खर्र करतो, मग गप्प बसतो.