मऊ भागांचे छायाचित्र

सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा तुम्हांला माहीत असेलच. नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी, दत्तजयंतीच्या सुमारास ती भरते. समजा, तेथे एखादा घोडा लंगडतो आहे. डॉक्टरांनी त्याच्या पायाचा क्ष-किरण फोटो काढला. हाड तर शाबूत आहे! मग घोडा लंगडतो का? कदाचित स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा दुखावली असेल. साध्या फोटोत ती नीट दिसत नाही. असे का होते?

क्ष-किरणांचा शोध 1895 साली जर्मन शास्त्रज्ञ राँटजेन यांनी लावला. हाड हे किरण बरेचसे शोषून घेते, म्हणून हाडाची सावली उमटते. मांस, चरबी, कंडरा हे मऊ भाग मात्र किरण थोडेच आणि जवळजवळ सारखेच शोषतात. त्यामुळे त्यांच्यातील फरक कळत नाही.

यावरचा उपाय नदीच्या पाण्यात पाहा. उथळ, स्वच्छ पाण्यावर ऊन पडले की तळाच्या वाळूवर प्रकाशाची हलती जाळी दिसते. पाणी तर पारदर्शक आहे. मग जाळी कशी पडते? पाण्याच्या उंचसखल लाटा प्रकाशाला किंचित वळवतात. वळलेले किरण खाली एकत्र येतात तेथे उजेड वाढतो. शेजारी तो कमी होतो. आभाळ भरून आले की ही जाळी नाहीशी होते, कारण तेव्हा प्रकाश सगळीकडून येतो.

क्ष-किरण याही लहरीच आहेत. वेगवेगळ्या मऊ भागांतून जाताना त्या थोड्या मागेपुढे होतात आणि किंचित वळतात. फोटो घेणारा पडदा वस्तूपासून दूर ठेवला, की त्या भागांच्या कडा उजळ-गडद रेषांनी उठून दिसतात. या पद्धतीला ‘फेज कॉन्ट्रास्ट’ म्हणतात.

मात्र त्यासाठी किरण उन्हासारखे एका दिशेने यायला हवेत. असे किरण सिंक्रोट्रॉन यंत्रातून मिळतात. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने वर्तुळात फिरतात. चुंबकांनी त्यांना वळवले की ते किरण सोडतात. त्यांतील अधिक भेदक किरणांना ‘कठोर’ क्ष-किरण म्हणतात. सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की इंदूर लागते. तेथे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-2’ हे असे यंत्र आहे. त्याचा घेर सुमारे 172 मीटर आहे. त्यावरची छायाचित्रणाची सोय मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारली आहे.

घोड्याचा पारखी एका बाजूने पाहून सौदा करत नाही. तो घोड्याभोवती फिरतो. येथे वस्तूच थोडी थोडी फिरवून शेकडो फोटो घेतात. संगणक ते जुळवून वस्तूचे आतले रूप दाखवतो. याला ‘टोमोग्राफी’ म्हणतात. 2008 साली फ्रान्समध्ये याच मार्गाने अपारदर्शक अंबरच्या आत दडलेले सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचे कीटक सापडले. अंबर म्हणजे उर्दूतील कहरुबा. 2006 पासून इटलीतील ट्रिएस्ट येथे, साध्या तपासणीत शंका उरलेल्या स्त्रियांच्या स्तनांचे फोटो फेज कॉन्ट्रास्टने काढले गेले. क्ष-किरणांच्या दृष्टीने कर्करोगाची गाठही मऊ भागांतच मोडते. ती वेळेवर दिसली तर जीव वाचू शकतो.

एवढे मोठे यंत्र गावोगावी नेता येत नाही. म्हणून लहान क्ष-किरण यंत्रावर हे काम करण्याचे प्रयत्न चालू आहेत.

तुम्हीही एक प्रयोग करा. काचेच्या पट्टीवर पाण्याचा थेंब ठेवा. उन्हात ती पांढऱ्या कागदावर टेकवा आणि हळूहळू वर उचला. स्वच्छ थेंबाची सावली कशी बदलते, ते वहीत लिहून ठेवा.