जुन्या चित्रफिती आणि आजचा दूरचित्रवाणी संच

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ साली दूरदर्शनवर रंग अवतरले आणि त्याच दशकात व्हिडिओ कॅसेट हा शब्द गावोगावी परिचित झाला. शाळांची स्नेहसंमेलने, श्रमदानाचे कार्यक्रम, कीर्तने, निवृत्त शिक्षकांचे निरोप समारंभ अशा कितीतरी प्रसंगांचे मुद्रण त्या काळी व्हीएचएस कॅसेटवर होत असे. त्यांतील पुष्कळ कॅसेट आजही शाळांच्या आणि ग्रामपंचायतींच्या कपाटांत पडून आहेत. चुंबकीय फीत कायम टिकत नाही. शिवाय जपानमधील फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबविल्यामुळे हाती असलेली जुनी यंत्रेच काय ती उपयोगी पडणार आहेत. म्हणून ही यंत्रे आजच्या संचाला कशी जोडावीत, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

चित्राची जोडणी

व्हीसीआरच्या मागील बाजूस सामान्यतः दोन प्रकारची निर्गम टोके असतात. पहिले अँटेनाच्या तारेचे. या मार्गाने चित्र व ध्वनी एकाच तारेतून संचाच्या अँटेना-छिद्रात जातात व यंत्राने ठरविलेली वाहिनी संचावर शोधावी लागते. दुसरा मार्ग अधिक स्वच्छ चित्र देणारा आहे. त्यात पिवळी पिन चित्रासाठी, पांढरी डाव्या ध्वनीसाठी आणि लाल उजव्या ध्वनीसाठी असते. व्हीसीआरवरील ‘आउट’ हे टोक संचावरील ‘इन’ या टोकाला जोडावयाचे, एवढे सूत्र ध्यानी ठेवले म्हणजे बहुतेक चुका टळतात. त्यानंतर रिमोटवरील ‘सोर्स’ कळ दाबून ‘एव्ही’ निवडावे.

अनेक नव्या संचांवर अशी तीन छिद्रे नसतात. काहींवर एकच बारीक गोल छिद्र असते; त्यासाठी त्या संचाबरोबर मिळालेली तारच वापरावी, कारण पिनेची आतील रचना निरनिराळ्या संचांत निरनिराळी असते. केवळ एचडीएमआय छिद्र असल्यास परिवर्तक पेटी घ्यावी लागते. ती ‘एव्हीकडून एचडीएमआयकडे’ जाणारीच असावी. उलट दिशेची पेटी दिसावयास तशीच असते, परंतु या कामी निरुपयोगी ठरते. जुने चित्र चार-तीन प्रमाणाचे असल्याने संचावरही तेच प्रमाण निवडावे. अन्यथा माणसे रुंद दिसतात.

ध्वनीची जोडणी

सभागृहात ध्वनिवर्धक वापरावयाचा असल्यास ध्वनीची तार त्याच्या ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन’ छिद्रात घालावी. ‘माइक’ किंवा ‘फोनो’ छिद्रात घातल्यास आवाज फाटतो, कारण ती छिद्रे अतिशय क्षीण संकेतांसाठी असतात. एकाच ध्वनिछिद्राचा व्हीसीआर असल्यास दुहेरी फाटा असलेल्या तारेने दोन्ही बाजूंना आवाज देता येतो. नवे संच चित्रावर प्रक्रिया करताना किंचित वेळ घेतात. त्यामुळे ध्वनी थेट व्हीसीआरवरून घेतल्यास तो ओठांच्या हालचालीपूर्वी ऐकू येण्याचा संभव असतो. अशा वेळी ध्वनी संचाच्या निर्गम छिद्रातून घ्यावा. सर्व जोडण्या वीजपुरवठा बंद ठेवूनच कराव्यात.

कॅसेट लावण्यापूर्वी

कॅसेटच्या खिडकीतून फीत पाहावी. पांढरी बुरशी दिसल्यास ती कॅसेट यंत्रात घालू नये. बुरशी यंत्राच्या चुंबकीय शीर्षावर बसून पुढील कॅसेटही खराब करते. कोकणासारख्या दमट भागात ही दक्षता विशेष आवश्यक आहे. थंड जागेतून आणलेले यंत्र काही तास तसेच ठेवून मग सुरू करावे. कॅसेटच्या कडेची लहान प्लास्टिकची पट्टी मोडून काढली की तिच्यावर चुकून नवे मुद्रण होत नाही. चित्रात आडवे पट्टे दिसल्यास ‘ट्रॅकिंग’ कळ हळूहळू फिरवावी. अमेरिकेतील आप्तांनी पाठविलेली कॅसेट एनटीएससी पद्धतीची असते. आपल्याकडील पाल पद्धतीच्या सर्वच यंत्रांवर ती नीट चालेल असे नाही.

प्रत काढणे

फीत जितक्या वेळा फिरते तितकी झिजते. म्हणून यंत्र सुरळीत चालते याची खात्री कमी महत्त्वाच्या कॅसेटवर करून घ्यावी व मोलाची कॅसेट पहिल्याच वेळी संगणकावर उतरवून घ्यावी. त्यासाठी मिळणाऱ्या लहान उपकरणाला हीच पिवळी, पांढरी व लाल तार लागते. प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि प्रसंग, गाव, वर्ष व दिसणाऱ्या व्यक्तींची नावे लिहून ठेवावीत. ही नावे सांगू शकणारी वडीलधारी मंडळी गावात आहेत, तोवरच हे काम हाती घेणे श्रेयस्कर होय.