प्रोटॉन आपला शेजार सांगतो

जोरात सोडलेला भोवरा ताठ उभा राहून फिरतो. वेग जरा ओसरला की तो डुलू लागतो. स्वतःभोवती फिरता फिरता त्याचा आस कलतो आणि तोही गोल फिरू लागतो. या डुलण्याला पदार्थविज्ञानात परांचन म्हणतात. हायड्रोजनच्या अणूचे केंद्र म्हणजे एकच प्रोटॉन. तो चिमुकल्या चुंबकासारखा वागतो आणि मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात आला की भोवऱ्याप्रमाणेच डुलतो. उपमा फार ताणू नका. प्रोटॉन हा काही लाकडी गोळा नव्हे. पण डुलण्याचा हिशेब पक्का आहे. एक टेस्ला क्षेत्रात सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लाख फेरे. क्षेत्र दुप्पट झाले, तर फेरेही दुप्पट.

नेमक्या याच कंप्रतेच्या रेडिओलहरी सोडल्या, तर प्रोटॉन त्यांतील ऊर्जा शोषून घेतो. झोपाळ्याला त्याच्या लयीतच झोका द्यावा लागतो, तसे हे आहे. याला अनुस्पंदन म्हणतात. हार्वर्ड येथे पर्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅराफिन मेणात, तर स्टॅनफर्ड येथे ब्लॉक यांच्या गटाने पाण्यात ते दाखवले. दोन्ही शोध १९४६ साली प्रसिद्ध झाले आणि १९५२ चे नोबेल पारितोषिक ब्लॉक व पर्सेल यांना विभागून मिळाले.

हिशेब पक्का असला की तो उलटाही मांडता येतो. फेरे मोजा आणि त्यांवरून चुंबकीय क्षेत्र काढा! प्रोटॉन चुंबकमापी हे उपकरण तेच करते. त्यात पाण्याची किंवा रॉकेलची बाटली आणि तिच्याभोवती तारेचे वेटोळे असते. पृथ्वीचे क्षेत्र फार क्षीण आहे. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या परिसरात प्रोटॉन सेकंदाला जेमतेम १,८०० फेरे घेतो. ही कंप्रता आपल्या कानाच्या टप्प्यातली आहे. वेटोळ्यातील विद्युत्‌संदेश ध्वनिवर्धकाला जोडला, तर प्रोटॉनचे डुलणे शिट्टीसारखे ऐकू येईल. जमिनीखालचे लोहखनिज किंवा पुरलेली जुनी भट्टी यांमुळे क्षेत्रात पडणारा बारीक फरकही यावर कळतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. १९५० मध्ये स्टॅनफर्ड येथे प्रॉक्टर आणि यू हे अमोनियम नायट्रेटमधील नायट्रोजनच्या केंद्राचे चुंबकत्व मोजत होते. एक शिखर मिळायला हवे होते, तेथे दोन मिळाली. एकाच मूलद्रव्याच्या केंद्राला दोन कंप्रता कशा? पदार्थवैज्ञानिकांना ही नसती अडचणच वाटली. कारण असे, की केंद्राभोवतीचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या क्षेत्राला किंचित अडवतात. अमोनियमात नायट्रोजनचे शेजारी हायड्रोजन, तर नायट्रेटात ऑक्सिजन. शेजार बदलला की इलेक्ट्रॉनांची छत्री बदलते आणि डुलण्याची गतीही.

पुढच्याच वर्षी अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या एथिल अल्कोहोलवर प्रयोग केला. त्याच्या रेणूत सहा हायड्रोजन असतात: तीन एका कार्बनवर, दोन दुसऱ्या कार्बनवर आणि एक ऑक्सिजनवर. वर्णपटात तीन शिखरे आली आणि त्यांची क्षेत्रफळे होती ३ : २ : १! न पाहिलेल्या रेणूने आपली रचनाच लिहून दिली म्हणा ना. यांतील धर्मट्टी पुढे भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी याच विषयाचा गट उभा केला.

आता हाच प्रयोग माणसाच्या मेंदूवर करू. एमआरआय यंत्राचे क्षेत्र दीड टेस्ला धरा. प्रोटॉन सेकंदाला सुमारे ६ कोटी ३९ लाख फेरे घेतात. मेंदूतील क्रिएटिन आणि कोलीन यांच्या शिखरांत फरक असतो फक्त १३ फेऱ्यांचा! चुंबकाचे क्षेत्र जागोजागी किंचित जरी बदलले, तरी दोन्ही शिखरे एकमेकांत मिसळून जातील. म्हणून तपासणीआधी क्षेत्र सारखे करून घेणे हेच मोठे काम. दुसरी अडचण पाण्याची. मेंदूतील पाण्याचा संदेश या पदार्थांच्या हजारो पट मोठा. ढोल वाजत असताना तंबोरा ऐकण्यासारखेच. त्यामुळे आधी पाण्याच्या कंप्रतेच्या लहरी सोडून त्याचा आवाज बंद करतात.

मग उरते ती रसायनांची रांग. एन-अ‍ॅसिटिल अ‍ॅस्पार्टेट हे मुख्यतः चेतापेशींत असते. त्या नष्ट झाल्या की त्याचे शिखर खचते. पेशी भराभर वाढू लागल्या की कोलीनचे चढते. ऑक्सिजन अपुरा पडला तर लॅक्टेट दिसू लागते.

समजा, एखाद्याला फेफरे आले आणि चित्रात मेंदूत एक गाठ दिसली. ती कर्काची की क्षयाची? आपल्या देशात हा प्रश्न नेहमी पडतो, आणि उत्तरावर सगळे अवलंबून असते: क्षयाची गाठ बहुधा औषधांनी विरते, कर्काच्या गाठीला अनेकदा शस्त्रक्रिया लागते. क्षयाच्या गाठीत बहुधा मेदाचे शिखर उंच असते, कर्काच्या गाठीत कोलीनचे. रुग्णाला काही मिनिटे स्थिर पडून राहावे लागते, एवढेच. सुई नाही, क्ष-किरणही नाहीत. मात्र आतून मृत झालेल्या जहाल कर्कगाठीतही मेद दिसतो, त्यामुळे नुसत्या वर्णपटावर डॉक्टर निकाल देत नाहीत. शंका उरली तर गाठीचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो.